पॉटवर १९६६, मग बासही १९६६ चा?

प्रश्न : जुना फेंडर प्रिसिजन बास (बास गिटार) पाहिला. पॉटवर, म्हणजे आवाज-टोनच्या नॉबखालच्या भागावर, १३७६६३३ आहे, म्हणून विकणारा तो १९६६ चा सांगतो. खरं मानावं का?

उत्तर : एवढ्यावरून नाही. १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ६६ वर्ष, ३३ आठवडा. बास त्याआधीचा नाही, इतकंच यातून कळतं. आणि तेही पॉट मूळचा असेल तर. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा मोठा साठा घेतला होता, तो पुढे काही वर्षं वापरात होता. पॉट मूळचाच आहे का हे कळायला त्यावरचं सोल्डर (तारा जोडणारा धातू) पुन्हा वितळवलेलं दिसतंय का, तेही पाहा.

नेक, म्हणजे गिटारची लांब दांडी, उघडायला सांगा. तारा पूर्ण सैल करून चार स्क्रू काढायचे, नेक सरळ वर उचलायची. हलवून ओढलीत तर कडेचा रंग उडतो. खाली कागदाची पट्टी निघाली तर जपून ठेवा. नेकच्या टाचेवरच्या (बॉडीत बसणाऱ्या टोकावरच्या) शिक्क्यात महिना आणि वर्ष सापडेल. सुरुवातीचा आकडा मॉडेलचा असतो, तारीख समजून बरेच जण फसतात. शिक्का नेकचा असतो, जुळणी नंतरची. नेक प्लेटवरच्या (मागच्या चार स्क्रूंखालच्या धातूच्या पट्टीवरच्या) नंबरावर फार विसंबू नका, प्लेट सहज बदलता येते.

परत बसवताना स्क्रू आधी उलटा फिरवा. टक् करून जुन्या आट्यात बसला की मगच आवळा.