जस्टिफाय केलेल्या (दोन्ही कडा सरळ असलेल्या) परिच्छेदात ‘रिकाम्या जागा भरा’ची रेघ लाटेकमध्ये कशी आखावी?

तुमची तक्रार अशी की \रूल वापरून ३ सेंमीची रेघ घातली की शेजारच्या शब्दांमध्ये भगदाडं पडतात, आणि त्याऐवजी \एचरूलफिल घातलं तर रेघ कधी अर्धी ओळ गिळते, कधी दिसतच नाही. (खाली सगळ्या आज्ञा देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये करा.)

\रूल म्हणजे टेकच्या (लाटेकच्या आतला, ओळी जुळवणारा प्रोग्राम) लेखी एक ठोकळा. तो तुटत नाही, ताणला जात नाही, आक्रसतही नाही. ओळीच्या शेवटी त्याला जागा पुरली नाही की तो अख्खा खालच्या ओळीत जातो आणि वरच्या ओळीतली सगळी कमतरता शब्दांमधल्या फटींना भरून काढावी लागते. कॉलम जितका अरुंद, तितकं हे जास्त बोचतं. \अंडरलाइनमध्ये \एचस्पेस घालून केलेली रेघही असाच ठोकळा असतो, त्यामुळे तिथेही फरक पडणार नाही.

\एचरूलफिल याच्या बरोबर उलट आहे. त्याची मूळ रुंदी शून्य आणि ताण अमर्याद. ओळीत उरलेली सगळी जागा तो एकटाच घेतो. त्यामुळे ओळ कुठेही तोडली तरी टेकला ती ‘उत्तम भरलेली’च वाटते आणि रेघ किती लांब होईल हे नशिबावर राहतं. रेघ गायब होते त्याचं कारण वेगळं आहे. टेक ओळ तोडतं तेव्हा नव्या ओळीच्या सुरुवातीला आलेली मोकळी जागा, म्हणजे ग्लू, फेकून देतं. ही रेघ दिसते रेघ, पण आतून ती ग्लूच आहे. तिच्या आधीच्या स्पेसवर ओळ तुटली की तीही त्या स्पेसबरोबर कचऱ्यात. \एचरूलफिलची खरी जागा पानाच्या वरच्या ‘नाव:’ आणि ‘हजेरी क्रमांक:’ या ओळींत. तिथे मार्जिनपर्यंत जाणारी रेघच हवी असते.

परिच्छेदाच्या मध्ये मात्र या दोन टोकांच्या मधलं काहीतरी हवं: ठरावीक रुंदीची, थोडी ताणली जाणारी, थोडी आक्रसणारी आणि ओळीच्या सुरुवातीलाही टिकणारी रेघ. \न्यूकमांडने \जागा नावाची आज्ञा बनवा (रोमनमध्ये कुठलंही मोकळं नाव चालेल) आणि तिच्यात हे एका ओळीत लिहा:

\लीव्हव्हीमोड \नल \नोब्रेक \लीडर्स \एचरूल \एचस्किप ३सेंमी प्लस १सेंमी मायनस ५मिमी \नल

\लीव्हव्हीमोडमुळे रेघ परिच्छेदाच्या अगदी सुरुवातीला आली तरी चालते. \लीडर्स \एचरूल \एचस्किप म्हणजे तेवढी मोकळी जागा रेघेने भरणं; ‘प्लस’ हा तिचा ताण आणि ‘मायनस’ ही आक्रसण्याची मर्यादा. पहिला \नल हा रिकामा बॉक्स. तो फेकला जात नाही, म्हणून त्याच्या मागची रेघ ओळीच्या सुरुवातीलाही वाचते. \नोब्रेकमुळे बॉक्स आणि रेघ यांची ताटातूट होत नाही. शेवटच्या \नलमुळे रेघेनंतरच्या स्पेसवर ओळ तुटू शकते आणि परिच्छेदाच्या अगदी शेवटी आलेली रेघ गायब होत नाही.

आता आकडे. काँप्युटर मॉडर्न या लाटेकच्या मूळ फाँटच्या १० पॉइंट अक्षरात दोन शब्दांमधली फट साधारण ३.३३ पॉइंट, आणि तिचा ताण १.६७ पॉइंट. ओळीत अशा १० फटी असतील तर त्यांचा एकूण ताण १६.७ पॉइंट. रेघेचा १ सेंमी म्हणजे जवळपास २८.५ पॉइंट. जास्तीची जागा ताणाच्या प्रमाणात वाटली जाते, म्हणून ६३ टक्क्यांच्या आसपास भार रेघ उचलते आणि शब्द सैल पडत नाहीत. आक्रसण्याची मर्यादा टेक कधीच ओलांडत नाही, त्यामुळे रेघ २.५ सेंमीच्या खाली जाणार नाही. हाताने लिहिलेला शब्द छापलेल्या शब्दापेक्षा बराच जास्त जागा खातो, तेव्हा ही किमान लांबी आधी ठरवा आणि बाकीचे आकडे त्यावरून काढा.

ही रेघ थेट बेसलाइनवर, म्हणजे अक्षरं ज्या अदृश्य रेषेवर बसतात तिच्यावर बसते. देवनागरी मजकुरात शेजारचे उकार तिच्या खाली लोंबतात आणि ते विचित्र दिसतं. \एचरूलच्या पुढे ‘हाइट −२ पॉइंट, डेप्थ २.४ पॉइंट’ द्या, म्हणजे ०.४ पॉइंटची तीच जाडी राहून रेघ खाली सरकेल.

उत्तर पूर्ण वाक्याचं असेल आणि रेघ दोन ओळींत पसरायची असेल तर वरची आज्ञा उपयोगाची नाही. तिथे १ मिमीचा \रूल आणि त्याला चिकटून शून्य रुंदीचा \एचस्किप, अशी जोडी हव्या तितक्या वेळा लूपमधून छापा. तुकडे जोडून अखंड रेघ दिसते आणि ओळ कोणत्याही तुकड्यानंतर तुटू शकते. लूपमधल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी टक्क्याचं चिन्ह विसरू नका, नाहीतर प्रत्येक तुकड्यामागे एक स्पेस घुसते. काही पीडीएफ रीडरमध्ये जोडांवर पुसट फट दिसते, पण छपाईत ती येत नाही. खरं सांगायचं तर इतक्या लांब उत्तरासाठी मी परिच्छेद तिथेच संपवून खाली स्वतंत्र रेघा देतो.

एक प्रश्न आधी स्वतःला विचारा: सगळ्या रेघा सारख्याच लांबीच्या हव्यात का? परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत हव्यातच, कारण छोटी-मोठी रेघ पाहून मुलं उत्तराचा अंदाज बांधतात. मग ताणणाऱ्या रेघेचा मोह सोडा. \मेकबॉक्सला ३ सेंमी रुंदी देऊन त्याला \अंडरलाइन करा आणि त्या प्रश्नापुरतं \रॅगेडराइट (उजवी कड सरळ न करणारी आज्ञा) लावा. एकसारख्या रेघा आणि दोन्ही कडा सरळ, हे दोन्ही अरुंद कॉलममध्ये एकत्र नांदत नाही, आणि मी तरी तिथे सरळ कड सोडून देईन. बॉक्सच्या पद्धतीचा आणखी एक फायदा म्हणजे उत्तरसूची. त्याच ३ सेंमीच्या बॉक्समध्ये उत्तर छापलं की रुंदी बदलत नाही, त्यामुळे शिक्षकांच्या प्रतीत ओळी जिथल्या तिथेच तुटतात. नुसती रेघ बदलून उत्तर घातलं तर तसं होत नाही, कारण टेक ओळी एकेक करून नाही, अख्खा परिच्छेद एकदम जोखून तोडतं (टेकचे कर्ते डोनाल्ड नूथ आणि मायकेल प्लास यांची १९८१ची पद्धत), आणि शेवटच्या ओळीतल्या एका शब्दाने पहिली ओळसुद्धा हलू शकते. बॉक्समध्ये उत्तराबरोबर \स्ट्रट (ठरावीक उंची-खोलीचा अदृश्य खांब) ठेवा, आणि कोऱ्या प्रतीतही तो राहू द्या, म्हणजे उकार असो वा नसो, रेघ दोन्ही प्रतींत एकाच उंचीवर येईल.