बंद ठेवलेल्या मोटरचं बेअरिंग झिजतं कसं?

प्रश्न: दोन पंप शेजारी-शेजारी आहेत, एक चालू आणि एक स्टँडबाय. चार महिने बंद असलेला पंप सुरू केला तर मोटरचं ६३१२ नंबरचं बॉल बेअरिंग घरघरायला लागलं. उघडलं तर रेसवर (बॉल ज्या कड्यांवर लोळतात त्यांवर) सारख्या अंतरावर खुणा आणि ग्रीस तांबूस. मशीन फिरलंच नाही, मग बेअरिंग झिजलं कसं? पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं?

उत्तर: फिरलं नाही म्हणूनच झिजलं. बेअरिंगवाले याला फॉल्स ब्रिनेलिंग म्हणतात. बेअरिंग फिरतं तेव्हा बॉल आणि रेसमध्ये तेलाचा थर तयार होतो, मायक्रॉनभर किंवा त्याहूनही पातळ. फिरणं थांबलं की रोटरच्या वजनाखाली तो थर बाजूला सरतो आणि धातूला धातू टेकतो. नुसत्या टेकण्यानं काही होत नाही. पण शेजारचा पंप फाउंडेशनमधून आणि पाइपमधून कंप पाठवत राहतो, आणि बॉल जागच्या जागी काही मायक्रॉन मागेपुढे घासत राहतो. एवढ्याशा हालचालीनं बाजूचं तेल परत आत ओढलं जात नाही. पोलादाचे बारीक कण सुटतात, हवेशी संयोग होऊन त्यांचं लोह ऑक्साइड बनतं, आणि ती पूड रेस आणखी घासते. ग्रीसचा तांबूस रंग बहुधा याच पुडीचा आहे. लगेच पाणी शिरलं असं समजून सील बदलू नका.

खात्री करायची असेल तर बाहेरची रेस कापा, धुवा आणि दहापट भिंगाखाली धरा. खड्ड्याच्या तळाशी ग्राइंडिंगच्या रेघा शाबूत दिसल्या तर तो दाबाचा खड्डा, म्हणजे बसवताना हातोडा बसला किंवा मोटर आदळली. रेघा पुसल्या गेल्या असतील तर ती कंपानं झालेली झीज. ६३१२ मध्ये आठ बॉल असतात, त्यामुळे खुणा ४५ अंशांवर येतात आणि आडव्या मोटरमध्ये खालच्या अंगाला जास्त खोल असतात. व्हीएफडीवरच्या (वेग कमी-जास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हवरच्या) मोटरमध्ये करंट गेल्यानंही पट्टे उमटतात, पण ते बॉलच्या अंतरापेक्षा खूप दाट असतात. एकदा खड्डे पडले की ते बेअरिंग बदलायचंच. ग्रीस भरून आवाज चार दिवस दबेल, एवढंच.

बेअरिंगची कंपनी बदलूनही उपयोग नाही. सर्वात स्वस्त उपाय म्हणजे चेंजओव्हर. दर आठवड्याला पंप आलटून-पालटून चालवा. ते शक्य नसेल तर निदान अर्धा तास चालवा, म्हणजे ग्रीस पुन्हा पसरतं आणि बॉल नव्या जागी थांबतात.

चालवणं शक्यच नसेल तर शाफ्ट हातानं फिरवा, सव्वादोन फेरे. त्याआधी ब्रेकर बंद करून कुलूप लावा, कारण स्टँडबाय पंप ऑटोवर असतो आणि हात कपलिंगवर असतानाच सुरू होऊ शकतो. शाफ्टच्या एका फेऱ्याला बॉलचा संच ०.४ च्या आसपासच फेरा सरकतो, त्यामुळे फेरे मोजायला शाफ्टवर केलेली खडूची खूण फक्त अंदाजापुरती. दर वेळी थोडी वेगळी जागा मिळाली की झालं. मात्र हा उपाय लोक वाजवीपेक्षा मोठा मानतात. कंप जोरदार असेल तर हातानं फिरवून झीज थांबत नाही, आठ खोल खुणांऐवजी चाळीस उथळ खुणा मिळतात.

म्हणून आधी मोजा. व्हायब्रेशन मीटर सगळे चालू पंपाला लावतात. तुम्ही तो बंद मोटरच्या बेअरिंग हाउसिंगवर धरा, उभा, आडवा आणि शाफ्टच्या दिशेनं. मग बेसवर आणि पाइपच्या सपोर्टवरही घ्या. जिथे आकडा जास्त, तिथून कंप येतोय. पाइपमधून येत असेल तर फ्लेक्झिबल जॉइंट लावा आणि सपोर्ट सुधारा. बेस समाईक असेल तर चालणाऱ्या मशीनखाली आयसोलेटर, म्हणजे कंप अडवणारी स्प्रिंगची किंवा रबराची बैठक, घालायचा विचार करा. १५०० आरपीएमचं मशीन म्हणजे २५ हर्ट्झ, तर आयसोलेटरवरच्या मशीनची नैसर्गिक वारंवारता साधारण आठच्या खाली हवी. वजनानं स्प्रिंग ५ मिमी दबली तर ती ७ हर्ट्झच्या आसपास येते. कडक रबराचा पातळ तुकडा जेमतेम अर्धा मिमी दबतो. त्यानं ती २२ हर्ट्झच्या घरात जाते आणि कंप कमी व्हायच्या जागी वाढतो.

ग्रीसचाही फरक पडतो. खूप घट्ट ग्रीस बाजूला सरलं की तिथेच बसतं. तेल सहज सोडणारं, अँटिवेअर अ‍ॅडिटिव्ह असलेलं ग्रीस बरं. पुरवठादाराकडे एएसटीएम डी ४१७० चाचणीचा निकाल मागा, त्यात घासून किती मिलिग्रॅम वजन घटलं ते कळतं. मात्र चालताना लागणारी बेस ऑइलची (ग्रीसमधल्या मूळ तेलाची) व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, सोडून फार पातळाकडे जाऊ नका, आणि पॉलियुरिया ग्रीसवर लिथियमचं ग्रीस, दोन्ही एकमेकांत चालतात का ते न तपासता, मारू नका.

ड्राइव्ह एंडला (कपलिंगच्या बाजूला) रोलर बेअरिंग असलेल्या मोटरची जास्त काळजी घ्या. बॉल कुठल्याही दिशेला लोळू शकतो. रोलरला आडवं फक्त घसरता येतं, म्हणून तो लवकर खुणा पाडतो. अशी मोटर ट्रकनं पाठवताना शाफ्ट लॉक करून पाठवतात. तो लॉक जागेवर बसवेपर्यंत काढू नका, आणि सुरू करण्यापूर्वी काढायला विसरू नका. स्पेअर मोटर चालत्या कॉम्प्रेसरजवळच्या रॅकवर ठेवली असेल तर तीही आजच हलवा.