दवाखाना बदलला, औषधेही बदलली

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या पुतणीला सेप्सिस (जंतुसंसर्गामुळे अवयवांचे काम बिघडणे) झाल्याने परभणीच्या बाल अतिदक्षता विभागातून छत्रपती संभाजीनगरला हलवावे लागले. तिथे पोहोचताच रक्तदाबाचे आणि गुंगीचे औषध बदलले. मग आधीचे उपचार चुकले होते का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : औषध बदलले एवढ्यावरून आधीचे उपचार चुकले असे म्हणता येत नाही, ही शंका आधी मनातून काढून टाका. अतिदक्षता विभागातील कितीतरी औषधांच्या चाचण्या प्रामुख्याने प्रौढांवर झालेल्या असतात, त्यामुळे मुलांबाबतचा पुरावा जिथे तोकडा पडतो, तिथे प्रत्येक विभाग आपला अनुभव आणि हाताशी असलेली औषधे पाहून पद्धत ठरवतो. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे सेप्सिसमुळे रक्ताभिसरण ढासळते तेव्हा, रक्तदाबासाठी डोपामिनऐवजी ॲड्रिनॅलिन किंवा नॉरॲड्रिनॅलिन वापरावे, असे २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत सुचवले आहे. पण या दोहोंपैकी पहिले कोणते, याचा निर्णय त्यांतही दिलेला नाही. गुंगीसाठी कुठे मिडाझोलाम, तर कुठे डेक्समेडेटोमिडिन देतात.

मला खरी काळजी वाटते ती द्रावणाच्या तीव्रतेची, म्हणजे शिरेतून दिल्या जाणाऱ्या द्रावणात औषध किती मिसळले आहे याची. काही ठिकाणी मुलाच्या वजनाला सहाने गुणून तेवढे मिलिग्रॅम औषध १०० मिलिलिटरमध्ये मिसळतात, म्हणजे तासाला १ मिलिलिटर वेगाने किलोमागे मिनिटाला १ मायक्रोग्रॅम औषध जाते. इतरत्र ठरावीक तीव्रतेची द्रावणे वापरतात. त्यामुळे औषध सोडणाऱ्या पंपावर वेगाचा तोच आकडा ठेवला तरी डोस भलताच जाऊ शकतो. म्हणून मूल हलवताना औषधाचे नाव, तीव्रता, वेग आणि मुलाचे वजन लिहिलेला कागद अवश्य मागून घ्यावा आणि तो पुढच्या डॉक्टरांच्या हाती द्यावा.