मुलगी पळते छान, पण जमातीत काय म्हणतील?

"मॅडम, पोरगी पळते छान, त्याचं कौतुकच आहे. पण आता तिला बाहेरच्या स्पर्धांना पाठवा म्हणतात. आमच्यात नाही चालत असलं."

दापोलीकडच्या एका आईचं हे म्हणणं. आफरीन (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत) सोळा वर्षांची, 800 मीटर पळणारी. मेहनत टिकली तर एक दिवस देशाबाहेरही पळेल, अशी तिच्या सरांना खात्री. घरात नकार मिळाल्यापासून ती धड जेवत नव्हती, म्हणून आई तिला घेऊन माझ्याकडे सल्ल्यासाठी आली होती.

हा प्रश्न फक्त मुसलमान घरांतून येतो असं समजू नका. "मांड्या दिसतात", "उन्हात काळवंडली तर स्थळं येणार नाहीत" हे मी मराठा आणि मारवाडी घरांतूनही ऐकलंय. तिथे धर्माऐवजी घराण्याचं नाव पुढे येतं, एवढंच.

"आमच्यात चालत नाही" म्हटलं की बोलणंच संपतं. म्हणून आईला म्हटलं, भीती एकेक करून सांगा आणि ती कुणाची आहे तेही सांगा. कपडे: जमातीतले, म्हणजे गावातल्या मुस्लिम समाजातले लोक आणि मोठे दीर. पुरुष प्रशिक्षक: दीरच. पेपरात फोटो आणि रात्रीचा प्रवास: त्या स्वतः. लग्न: त्या आणि सासूबाई. शेवटी म्हणाल्या, "आणि हिच्या अब्बांना तर अजिबात चालणार नाही."

अब्बा बरीच वर्षं सौदीत, दम्मामला नोकरीला. त्यांना विचारलं होतं का? नव्हतं.

पुढच्या भेटीत त्यांना व्हिडिओ कॉलवर घेतलं. गृहस्थ आधी ऐकत राहिले, मग म्हणाले, "मी आलो तेव्हा इथल्या सरकारी शाळांत मुलींना खेळाचा तासच नव्हता. आता आहे. माझ्या साहेबाची मुलगी बास्केटबॉल खेळते." खरंच आहे ते. सौदी सरकारने सरकारी शाळांतल्या मुलींसाठी शारीरिक शिक्षण 2017 मध्ये सुरू केलं आणि 2018 च्या जानेवारीत बायका पहिल्यांदा स्टेडियममध्ये फुटबॉल बघायला बसल्या. त्याआधी 2012 च्या लंडन ऑलिंपिकला सौदीने प्रथमच दोन मुली पाठवल्या. त्यांतली सारा अत्तार डोकं झाकून, अंगभर कपड्यांत 800 मीटरच पळाली. शेवटची आली, तरी लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तिची वेळ 2 मिनिटं 44.95 सेकंद.

आफरीन पहिल्यांदाच तोंड उघडून बोलली, "माझं टायमिंग हिच्यापेक्षा चांगलंय." अब्बा हसले. तिकडे सौदीत बदललेलं कोकणातल्या त्यांच्या मोहल्ल्यात अजून पोचायचं होतं, याचं मला राहून राहून नवल वाटलं.

मग अब्बांनी खरी गोष्ट सांगितली. "मी इथे. तिकडे रात्री-बेरात्री काही झालं तर धावणार कोण?" ही भीती धर्माची नव्हती. तिच्यावर करण्यासारखं पुष्कळ होतं. 2022 मध्ये परदेशातल्या एका सराव दौऱ्यात भारतीय महिला सायकलपटूने प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केली. त्यानंतर भारतीय क्रीडा प्राधिकरणाने मुली असलेल्या पथकासोबत महिला प्रशिक्षक असलीच पाहिजे असं ठरवलं. आपल्या स्पर्धांनाही पालकांनी हे सरळ विचारावं: सोबत बाई कोण, खोलीत कोण कोण, मुलीकडे फोन राहणार का, तक्रार कुणाकडे करायची. उत्तर लेखी मागावं. विचारलं की काही संयोजक चिडतात. चिडू द्यावेत.

कपड्यांचा गुंता वेगळाच निघाला. सर म्हणत होते, शॉर्ट्स घालावीच लागेल, नियम आहे. असा नियम नाही. ॲथलेटिक्समध्ये कपडे स्वच्छ हवेत, आक्षेपार्ह नकोत आणि ओले झाले तरी आरपार दिसायला नकोत. बहरीनच्या रुकैया अल घसराने 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेत 200 मीटरचं सुवर्ण हिजाब घालूनच जिंकलं. सगळ्या खेळांत मात्र एवढी मोकळीक नव्हती. हिजाबच्या कारणावरून इराणच्या मुलींचा फुटबॉल संघ 2011 मध्ये ऑलिंपिक पात्रता सामन्यातून बाद झाला, फिफाने ती बंदी 2014 मध्ये पूर्ण उठवली. बास्केटबॉलने 2017 मध्ये. पॅरिस ऑलिंपिकमध्ये फ्रान्सने स्वतःच्या खेळाडूंना हिजाब घालू दिला नाही. दुसरीकडे अल्जीरियाच्या हसिबा बुलमेर्काला शॉर्ट्समध्ये पळते म्हणून धमक्या आल्या, आणि तरी 1992 मध्ये बार्सिलोनात 1500 मीटरचं सुवर्ण तिने घेतलं. कुणी झाका म्हणतं, कुणी काढा म्हणतं, मुलीला कुणी विचारत नाही.

मी आफरीनला विचारलं. "मला डोकं झाकूनच पळायचंय. पण ओढणी पिनांनी नको, टोचते. खेळाडूंचा तो ताणणारा स्कार्फ मिळतो ना, तो हवा. आणि खाली पायघोळ टाइट्स." वर्षभराचं भांडण, आणि तिचं मागणं एवढंच.

धर्मात काय बसतं हे सांगायचा अधिकार माझा नाही. ते मी आईला त्यांच्या विश्वासातल्या मौलानांना विचारायला सांगितलं, मात्र नेमका प्रश्न घेऊन: सतर पाळून (म्हणजे धर्माने झाकायला सांगितलेलं अंग झाकून), सोबत आई असताना, मुलगी स्पर्धेला गेली तर? मौलानांनी होकार दिला, फोटोंबद्दल जपा म्हणाले.

लग्नाच्या प्रश्नावर मी दिलासा दिला नाही. स्थळं अडू शकतात, आणि आफरीनच्या चुलत बहिणीच्या बोलणीत हिच्या पळण्याचा विषय निघालाच. आईला मी एवढंच म्हटलं की सोळाव्या वर्षी हे ठरवायची घाई नाही, आणि नकार देणाऱ्या घरात लेक सुखी राहिली असती का, हेही मनात धरा.

मोठे काका अजून बोलत नाहीत. घर एकत्र आहे, त्यामुळे हे रोजचं दुखणं. पण आफरीन जेवते, सराव करते. पुढची स्पर्धा बालेवाडीला आहे, आईने तिच्यासोबत स्वतःचंही तिकीट काढलंय, आणि खर्च अब्बा पाठवणार आहेत.