वडिलांना नॉन-हॉजकिन लिम्फोमा आहे, केमोच्या वेळी नर्सचं काम नेमकं काय असतं?

तुमच्या वडिलांची आर-चॉप, म्हणजे या आजारात देतात ती अनेक औषधांची एकत्र केमो, सुरू होणार आहे, डॉक्टर पाच मिनिटं भेटतात आणि दिवसभर समोर नर्सच असते, मग ती करते काय, असं तुम्ही विचारलंय. मी केमो डे-केअरमध्येच नर्स आहे, म्हणून सांगते.

आजाराचं थोडक्यात. हा कॅन्सरच आहे, यात लिम्फोसाइट नावाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि गळ्यात, काखेत, जांघेत गाठी येतात. गाठ बहुधा दुखत नाही, म्हणून माणसं ती अंगावर काढतात. प्रकार पुष्कळ, काही संथ, काही झपाट्याने वाढणारे. चौथी स्टेज ऐकून हातपाय गाळू नका. मुळात या पेशी अंगभर फिरणाऱ्याच, आणि झपाट्याने वाढणारा प्रकार चौथ्या स्टेजलाही बरा होऊ शकतो.

पहिल्या दिवशी माझं सगळं लक्ष रिटुक्सिमॅबवर, म्हणजे आर-चॉपमधल्या 'आर' औषधावर असतं. आधी पॅरासिटामॉल आणि अ‍ॅलर्जीचं औषध, मग ड्रिप अगदी हळू. मागे एक काका म्हणाले, "घसा जरा खवखवतोय, पण चालू द्या सिस्टर." मी लगेच ड्रिप बंद केली, डॉक्टरांना बोलावलं. त्रास थांबल्यावर निम्म्या वेगाने पुन्हा लावली आणि डोस पूर्ण झाला. या "चालू द्या"चीच मला भीती वाटते. खाज, थंडी, धाप, काहीही असो, तिथल्या तिथे सांगायचं.

मग लाल औषध, डॉक्सोरुबिसिन. ते शिरेबाहेर गेलं तर आतलं मांस जळतं, म्हणून ते जाईपर्यंत मी पेशंटचा हात सोडत नाही. नंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे. विन्क्रिस्टीन या त्यातल्याच आणखी एका औषधाने बोटं बधिर होतात आणि पोट साफ होत नाही. पुढच्या खेपेला मी विचारते, "शर्टाची बटणं लावता येतात का?" मुंग्या येतात का म्हटलं की सगळे नाहीच म्हणतात! स्टिरॉइडच्या गोळ्या पाच दिवस, सकाळी खाऊन घ्यायच्या. झोप उडते, चिडचिड होते, शुगर वाढते. त्या दिवसांत वडील खेकसले तर मनावर घेऊ नका.

खरा धोका घरी गेल्यावर असतो. साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट ताप आला की रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करून निघायचं. आधी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. ताप उतरलेला दिसतो, इन्फेक्शन आत वाढत राहतं.

हिपॅटायटिस बी आणि हृदयाच्या इकोचे रिपोर्ट झालेत का, ते नर्सला आत्ताच विचारा. चालू गोळ्यांची यादी न्या, त्यात कुणी सुचवलेला काढा किंवा चूर्ण असेल तर तेही लिहा. आणि रात्री उचलला जाणारा नंबर घेतल्याशिवाय पहिल्या दिवशी तिथून हलू नका.