चूक आधी वाच

प्रिय मित्रा,

मुलाच्या वहीत 'घोडाला' असं दिसलं की आपला हात आपोआप लाल पेनाकडे जातो. जरा थांब. चूक कुठून आली ते कळल्याशिवाय केलेली दुरुस्ती फक्त त्या वहीपुरती राहते.

आधी वाचनाचं पाहू. 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंतचा तक्ता घोकून घेऊ नकोस. मुलं तो गाण्यासारखा म्हणतात आणि 'कमळ' समोर आलं की गप्प होतात. त्याऐवजी अक्षरगट घे. क, म, ल, न, र आणि सोबत फक्त काना. एवढ्यावर कान, नाक, मान, रान, मका, लाल, नमन, कमान असे शब्द होतात, शिवाय 'मामा, काम कर.' हे आख्खं वाक्य होतं. पहिल्या आठवड्यात वाक्य वाचलेल्या मुलाचा चेहरा वेगळाच असतो. पुढचा गट करताना सारख्या दिसणाऱ्या जोड्या लांब ठेव: भ-म, घ-ध, प-ष, ब-व, थ-य. एक पक्कं झाल्यावरच दुसरं आण.

काही मुलं 'क… म… ळ' असं सुटं बरोबर म्हणतात, पण शब्द काही होत नाही. अक्षरं येतात, जोडणी येत नाही. शब्द बोटाने झाक आणि एकेक अक्षर उघड: क, कम, कमळ. प्रत्येक पायरीला आधीचं जोडूनच म्हणायचं.

ऱ्हस्व वेलांटी हा खरा खोडा. ती लिहितात अक्षराच्या आधी, उच्चार येतो नंतर. म्हणून काही मुलं ती शेजारच्या अक्षराला जोडतात. मी तर दीर्घ वेलांटी आधी शिकवावी असंच म्हणेन. ती निदान उच्चाराच्या क्रमाने येते. रफाराचंही तेच. 'सूर्य' मधला र् य-च्या आधी ऐकू येतो, म्हणून मूल रफार 'सू' वर देतं. 'क्रम' आणि 'कर्म' शेजारी लिहून दे आणि मोठ्याने म्हणायला लाव.

धडा घडाघडा वाचणाऱ्या मुलावर लगेच विश्वास ठेवू नकोस. चित्र झाक, शेवटची ओळ काढ, त्यातले शब्द उलट्या क्रमाने वाचायला सांग. पाठांतर असेल तर तिथेच उघडं पडतं. वीस शब्दांत दोनपेक्षा जास्त ठिकाणी अडखळत असेल, तर तो उतारा त्याच्यासाठी अवघड आहे, सोपा दे. आणि मूल अडलं की मनात पाच आकडे मोज, मग सांग. बऱ्याचदा चारावरच ते स्वतः सुधारतं.

आता 'घोडाला'. हे मूल दिवसभर 'घोड्याला' च बोलतं. लिहिताना मात्र त्याने 'घोडा' लिहिलं आणि पुढे 'ला' चिकटवलं. व्याकरण तोंडात आहे, हातात उतरलेलं नाही. म्हणून सामान्यरूपाची व्याख्या सांगण्याऐवजी वाक्य मोठ्याने म्हणायला लाव आणि ऐकलं तसं लिहून घे. नाम, विशेषण हेही असंच: 'काळा घोडा धावला' मध्ये घोड्याच्या जागी गाय ठेव, मग मांजर. काळी धावली, काळे धावले. काय काय बदललं ते मुलांनाच शोधू दे. मग 'काळा' काढून 'लाल' घाल. लाल बदलत नाही! का, यावर वर्ग चांगला दहा मिनिटं भांडतो. भांडू दे. नावं त्यानंतर सांग.

घरी 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला 'चूक' म्हणू नकोस. 'पुस्तकात पाणी असं लिहितात' एवढंच म्हण. बोली चुकीची ठरवली की मूल वर्गात बोलणंच सोडतं, आणि न बोलणारं मूल लिहिणार काय?

ऱ्हस्व-दीर्घ जोड्यांनी शिकव: फूल-फुले, मूल-मुले, वीट-विटा, बहीण-बहिणी. शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ. शब्द लांबला की ऱ्हस्व. 'गुण', 'विष' हे अपवाद समोर येतील तेव्हाच सांग.

श्रुतलेखन रोज पाच शब्द आणि एक वाक्य, बस्स. पाहून लिहिताना मुलं फळ्याकडे एकेक अक्षर बघत रेघोट्या ओढतात. त्यात वाचन शून्य. शब्द पाहा, झाका, लिहा, उघडून ताडा, असं करून घे.

निबंधात 'मला माझी शाळा खूप आवडते' छापाच्या ओळी येतात, कारण विषय बोलायच्या आधीच लिहायला दिलेला असतो. आधी पाच मिनिटं बोलणं, मग तीनच वाक्यं. वही तपासताना एका वेळी एकच गोष्ट धर: या आठवड्यात फक्त पूर्णविराम, पुढच्या आठवड्यात फक्त वेलांट्या. सगळ्या चुकांवर लाल गोल केले की मूल पुढच्या वेळी त्याला येणारेच चार शब्द लिहितं. 'मी बागेत गेलो. मजा आली.' एवढंच लिहिलेलं असेल, तर शेरा देऊ नकोस. जवळ बसून विचार, मजा कशाची आली? 'झोपाळ्याची साखळी गरम होती, हात भाजला,' असं तो म्हणाला की वही त्याच्याकडे सरकव. हेच तिसरं वाक्य.

तुझा,
एक जुना मास्तर