वाचक विचारतात : नाताळचा फलक किती खोडकर असावा?

प्रश्न : आमच्या धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) तरुणांना नाताळसाठी नाक्यावर लोक थांबून वाचतील असा फ्लेक्स लावायचा आहे. न्यूझीलंडमधल्या एका चर्चने येशूची आई मरिया आणि तिचा पती योसेफ यांच्यावर विनोद करणारा फलक लावला होता, त्याचा फोटो त्यांच्या मोबाइलवर फिरतोय. ज्येष्ठ मंडळी चिडली आहेत. रेघ कुठे ओढायची? (एक वाचक, वसई)

उत्तर : तो फलक ऑकलंडच्या सेंट मॅथ्यू-इन-द-सिटी या अँग्लिकन चर्चने डिसेंबर 2009 मध्ये लावला होता. मरिया आणि योसेफ एका पांघरुणात, योसेफचा चेहरा पडलेला, आणि देवानंतर या बिचाऱ्याची काय मात्रा चालणार, अशा अर्थाची ओळ. काही तासांतच कुणीतरी त्यावर तपकिरी रंग फासला आणि जगभर बातमी झाली. पण त्या चर्चची भूमिकाच मुळी कुमारी-गर्भधारणेची, म्हणजे मरियेला पुरुषाशिवाय देवाच्या कृपेने गर्भ राहिल्याची कथा शब्दशः घेऊ नये अशी होती. फलक पटो न पटो, दाराच्या आत जे सांगितले जात होते तेच त्यांनी बाहेर टांगले होते. तुमच्याकडे मात्र मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) श्रद्धेची कबुली देताना येशू कुमारी मरियेपासून जन्मला असे सगळे मिळून म्हणतात. तो विनोद उसना आणलात, तर फलक वाचून आत आलेल्याला पहिल्याच दिवशी कळेल की बाहेरचे एक आणि आतले दुसरे. आमच्या मते रेघ इथे आहे. अभिरुचीचा वाद त्यानंतरचा.

बोचरेपणा मुळातच वाईट नाही. ब्रिटनमधल्या चर्चेस ॲडव्हर्टायझिंग नेटवर्कने 1999 च्या ईस्टरला क्रांतिकारक चे गेव्हाराच्या प्रसिद्ध चित्राच्या धर्तीवर, काट्यांचा मुकुट घातलेला येशू छापला होता. गरीब, सौम्य? छे, काहीतरीच! असा त्याचा रोख. टीका त्यावरही झाली. पण मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथणारा येशू शुभवर्तमानातच (बायबलमधल्या येशूचरित्रातच) आहे, त्यामुळे 'हे काय चालवलंय' म्हणून विचारायला येणाऱ्याला दाखवायला उतारा हाताशी होता.

त्याच गटाचे 2010 चे नाताळचे चित्र म्हणजे सोनोग्राफीतले बाळ, डोक्याभोवती तेजोवलय आणि 'तो येतोय' अशा अर्थाची ओळ. कल्पना नामी आहे, पण महाराष्ट्रात जशीच्या तशी उचलू नका. गर्भलिंगनिदानाच्या जाहिरातीला 1994 च्या कायद्याने बंदी आहे आणि इथे लिंगनिदान होत नाही अशी पाटी प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात असते. सोनोग्राफीचे चित्र, खाली पुल्लिंगी 'तो', आणि तेही रस्त्यावर! लोक काय वाचतील ते उघड आहे.

छापण्याआधी ए-फोर कागदावर रंगीत प्रत काढा आणि आठ-दहा जणांना पाच सेकंद दाखवून झाका. निम्मे लोक चर्चला न येणारे हवेत, दोघे-तिघे अन्य धर्मांचे. मग दोनच प्रश्न विचारा : हे कशाबद्दल होते? यात कुणाची टिंगल वाटली का? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात एखादा धर्म, जात किंवा बायामाणसे आली, तर मसुदा बाद. पहिल्या प्रश्नाला 'माहीत नाही, पण मजेदार होते' असे उत्तर आले, तरीही बादच.

आणखी एक गोष्ट नेहमी राहून जाते. विनोद करतात तरुण, आणि रविवारी दारात उभे असतात साठीचे स्वयंसेवक. जाब त्यांना विचारला जातो. 'असे का लिहिले?' याचे दोन वाक्यांतले उत्तर त्यांना आधी सांगून ठेवा. ते उत्तर देताना त्यांनाच अवघडल्यासारखे होत असेल, तर ओळ बदला.

प्रश्न : 10 बाय 20 फुटांच्या फ्लेक्सवर किती मजकूर मावतो? क्यूआर कोड टाकावा का? (तरुण संघ, पुणे)

उत्तर : मावतो पुष्कळ, वाचला जातो सहा-सात शब्दांपुरता. ढोबळ हिशेब असा की दर 10 फूट अंतरामागे अक्षराची उंची एक इंच हवी. 100 फुटांवरून वाचायचे तर 10 इंच. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजा, मात्रा-उकार सोडून. दोन ओळींत निदान अर्ध्या अक्षराएवढी जागा ठेवा, नाहीतर वरचा उकार खालच्या रफारात घुसतो. फाइल देताना अक्षरांचे कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचे चित्रात रूपांतर करून) द्या. छपाईवाल्याकडे तो फॉन्ट नसला की जोडाक्षरे फुटतात, आणि 'ख्रिस्त' हा शब्द फुटलेला वीस फुटी फलक फारच वाईट दिसतो.

क्यूआर कोडची बाजू वाचण्याच्या अंतराच्या साधारण दहावा भाग हवी. तीन मीटरवरून स्कॅन करायचा तर 30 सेंटीमीटर, भोवती पांढरी मोकळी किनार. दुचाकीवरून जाणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य, तेव्हा नाक्यावर नको, चर्चच्या फाटकावर लावा. फुकट मिळणाऱ्या 'डायनॅमिक' कोडची (जो दुसऱ्याच्या संकेतस्थळामार्गे तुमच्या पानावर नेतो) मुदत बऱ्याचदा मध्येच संपते आणि ऐन नाताळात लिंक बंद पडते. स्वतःच्या पानाचा पत्ता असलेला साधा स्थिर कोड बरा.

महापालिकेच्या आकाशचिन्ह (म्हणजे जाहिरात फलक) विभागाची परवानगी घ्या, तिचा क्रमांक आणि मुदत फलकावर छापा, आणि मुदत संपेल त्या दिवशी फलक स्वतः उतरवा. विद्रूपीकरण प्रतिबंधाचा 1995 चा कायदा चर्चलाही लागू आहे.

प्रश्न : 'प्रार्थनेने मधुमेह, कॅन्सर बरा' असे पत्रकावर लिहिले तर चालेल का? साक्षी खऱ्या आहेत. (एक पाळक)

उत्तर : नाही. इंग्लंडमधल्या बाथ शहरात रस्त्यावर प्रार्थना करणाऱ्या एका गटाने आजारांची यादी देऊन 'देव बरे करू शकतो' अशी पत्रके काढली, तेव्हा 2012 मध्ये तिथल्या जाहिरात मानक प्राधिकरणाने हरकत घेतली. खोट्या आशेने लोक डॉक्टरकडे जाणे टाळतील, ही त्यांची चिंता. आपल्याकडे 1954 चा औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. त्याच्या यादीत मधुमेह आणि कॅन्सर दोन्ही आहेत, आणि जादूच्या उपायांच्या व्याख्येत मंत्र, ताईत, कवच येतात. प्रार्थना त्यात बसते की नाही, हा वाद वकिलांवर सोपवून पत्रक काढणे शहाणपणाचे नव्हे. असे लिहा : 'आजाऱ्यांसाठी प्रार्थना, दर बुधवारी सायंकाळी 6. औषधे चालू ठेवावीत.' शेवटचे वाक्य गाळू नका.

प्रश्न : 'तुम्ही ख्रिस्ती आहात? एकटे आहात?' ही आमची फेसबुक जाहिरात नाकारली गेली. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : वाचणाऱ्याचा धर्म किंवा वैयक्तिक स्थिती आपल्याला ठाऊक आहे असे सुचवणारी भाषा तिथे चालत नाही. धर्मावरून लोक निवडण्याचे पर्यायही फेसबुकची मालक कंपनी मेटाने जानेवारी 2022 पासून काढले आहेत. वाक्य आपल्याकडे वळवा : 'नाताळची संध्याकाळ आमच्यासोबत घालवा.' ठिकाण निवडा, तीन-चार किलोमीटरचा परीघ पुरे. केबल टीव्हीचा विचार असेल तर सोडून द्या. 1994 चे केबल नियम मुख्यतः धार्मिक हेतूच्या जाहिरातींना परवानगी देत नाहीत.

जाहिरातीतून आलेले फोन नंबर थेट व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये टाकू नका, सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. ब्रॉडकास्ट यादी करा, म्हणजे एकच निरोप प्रत्येकाला स्वतंत्र जातो. तिची मर्यादा 256, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप पोहोचतो. म्हणून पहिला निरोप पाठवताना नंबर सेव्ह करायला सांगा, आणि 'नको' म्हणणाऱ्याचे नाव त्याच दिवशी काढा.